राखून ठेवलेले बियाणे : सॅन डिएगोच्या ‘फ्रोझन झू’ची पन्नास वर्षे

दुष्काळात कणगीतले धान्य तळाला गेले, तरी घरातली म्हातारी बियाण्याच्या मडक्याला कुणाला हात लावू देत नाही. राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीने लिंपून ठेवलेले ते मडके म्हणजे पुढच्या पावसाची सोय. पाऊस कधी येईल, हे तिला ठाऊक नसते. बी असेल तरच पेरता येईल, एवढे मात्र पक्के ठाऊक असते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाने १९७५ साली असेच एक मडके भरायला घेतले. हे मडके धातूचे. आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन आणि दाण्यांच्या जागी वन्यप्राण्यांच्या जिवंत पेशी. ‘फ्रोझन झू’ म्हणजे गोठवलेले प्राणिसंग्रहालय या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहाला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. आज येथे १,३००च्या आसपास प्रजाती-उपप्रजातींचे ११,०००हून अधिक नमुने सुरक्षित आहेत.

त्यांतला सर्वांत मौल्यवान ठेवा कोणता, असे विचारले तर बहुतेक जण उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याकडे बोट दाखवतील. या उपप्रजातीच्या दोनच माद्या आज पृथ्वीवर जिवंत आहेत आणि नर एकही नाही. फ्रोझन झूमध्ये मात्र या गेंड्याच्या १२ प्राण्यांच्या पेशी आहेत. संस्थेच्या पन्नास वर्षांचा हा आढावा म्हणूनच मुख्यतः त्या गेंड्याच्या वाटेने घेतला आहे.

पूर्वपीठिका

सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाचा जन्म १९१६चा. पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनासाठी आणलेल्या प्राण्यांतील सिंहाची गर्जना कानी पडली आणि डॉ. हॅरी वेजफोर्थ या शल्यविशारदाच्या मनात शहरासाठी प्राणिसंग्रहालय उभारण्याचा विचार आला, अशी आठवण तिथे आजही सांगितली जाते. एका डॉक्टरने सुरू केलेल्या या संस्थेला साठ वर्षांनी नवे वळण दिले तेही एका डॉक्टरनेच.

त्याआधीची एक घटना नोंदवायला हवी. १९७१ साली दक्षिण आफ्रिकेतून २० दक्षिणी पांढरे गेंडे सॅन डिएगोला आले. वन्यजीवरक्षक इयन प्लेयर यांचे त्यामागे मोठे श्रम होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा दक्षिणी गेंडा तिथल्या उम्फोलोझीच्या परिसरात मोजक्या संख्येने उरला होता. संरक्षण मिळाले, तसा तो पुन्हा वाढला आणि इतर देशांत पाठवण्याइतका झाला. १९७२ साली शहराबाहेर सान पास्क्वालच्या खोऱ्यात १,८०० एकरांचे ‘वाइल्ड ॲनिमल पार्क’ सुरू झाले. तिथल्या मोकळ्या माळावर हा कळप रुळला आणि त्याला पिल्ले झाली.

त्याच्या उत्तरेकडच्या भावंडाची कथा मात्र उलट्या दिशेने चालली होती. युगांडा, सुदान, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो या पट्ट्यात १९६०च्या सुमारास दोन हजारांवर उत्तरी पांढरे गेंडे होते. शिंगासाठी झालेली शिकार आणि त्या देशांतील यादवी युद्धे यांत ते झपाट्याने संपत गेले. नावाने पांढरा, अंगाने राखाडी, रुंद ओठांनी गवत कापत चालणारा हा शांत प्राणी. त्याच्यासाठी वेळीच काही करावे, अशी निकड तेव्हा फार थोड्यांना वाटत होती.

१९७० चे दशक : पायाभरणी

डॉ. कर्ट बेनिर्शके यांचा जन्म १९२४चा, जर्मनीतला. ते विकृतिशास्त्रज्ञ होते आणि गर्भाची वार हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील वैद्यकीय शाळेत ते काम करत, पण माणसांइतकीच त्यांना इतर सस्तन प्राण्यांची ओढ होती. खेचराला पिल्ले का होत नाहीत, या प्रश्नाने त्यांना गुणसूत्रांकडे नेले. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२, म्हणून खेचराची ६३. मंगोलियाच्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रे पाळीव घोड्यासारखी ६४ नसून ६६ आहेत, हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा त्यांचा एक शोध आहे. सह्याद्रीच्या झाडीत संध्याकाळी कुत्र्यासारखा भुंकणारा भेकर आपल्या ओळखीचा. या भेकराच्या मादीत अवघी ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, हे डॉरिस वुर्स्टर आणि बेनिर्शके यांनी १९७० साली जगासमोर आणले. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या तोवर कुठे आढळली नव्हती. बाहेरून सारखे दिसणारे प्राणी आतून किती वेगळे असू शकतात, हे या कामातून त्यांच्या मनावर ठसले.

१९७२पासून त्यांनी विद्यापीठातील प्रयोगशाळेत दुर्मिळ प्राण्यांच्या कातडीचे तुकडे जमवून त्यांच्या पेशी गोठवायला सुरुवात केली. १९७५ साली प्राणिसंग्रहालयात संकटग्रस्त प्रजातींच्या प्रजननासाठी संशोधन केंद्र स्थापन झाले. डॉ. बेनिर्शके त्याचे पहिले संचालक झाले आणि गोठवलेला संग्रह त्यांच्याबरोबर इकडे आला. त्याच वर्षी ऑलिव्हर रायडर हे तरुण जनुकशास्त्रज्ञ केंद्रात रुजू झाले. पुढची पन्नास वर्षे त्यांचे नाव या संग्रहाशी जोडलेले राहिले.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नमुन्यासाठी प्राण्याला सहसा मुद्दाम त्रास दिला जात नाही. उपचारासाठी भूल दिलेली असताना किंवा मृत्यूनंतर कानाच्या कडेचा, कातडीचा लहानसा तुकडा घेतला जातो. प्रयोगशाळेत तो बारीक चिरतात, विकराच्या द्रावात ठेवून पेशी मोकळ्या करतात आणि पोषक द्रव घातलेल्या चपट्या बाटलीत उबेला ठेवतात. काही दिवस नुसते वाट पाहण्यात जातात. मग एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, की तुकड्याच्या कडेने निमुळत्या पेशी बाहेर सरकल्या आहेत आणि बाटलीच्या तळाला चिकटून वाढू लागल्या आहेत. तळ भरला, की त्या नव्या बाटल्यांत वाटून घेतात. पुरेशा झाल्या, की हिमस्फटिकांनी त्या फुटू नयेत म्हणून विशिष्ट रसायन घालून, बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून, सावकाश थंड करत नायट्रोजनच्या टाकीत सोडतात. आपल्याकडे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या वाफाळत्या भांड्यात ठेवतात, त्याच जातीची ही टाकी. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ने महाराष्ट्राच्या गोठ्यांत जे तंत्र नेले, त्याचेच हे रानातले भावंड म्हणता येईल.

पण एक मोठा फरक होता. गायीच्या कांडीचा उपयोग सर्वांना माहीत होता. या कातडीच्या पेशींचा उपयोग काय, हे कुणालाच सांगता येत नव्हते. जनुकक्रम वाचण्याचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि प्रौढ प्राण्याच्या पेशीतून प्राणी घडवणे हे कादंबरीतच शोभणारे होते. आज ज्याचा उपयोग कळत नाही तेही जपून ठेवले पाहिजे, कारण उद्या उपयोग कळेल तेव्हा प्राणी उरलेला नसेल, अशी डॉ. बेनिर्शके यांची धारणा होती. ही धारणाच संस्थेचे खरे भांडवल ठरली.

१९७५ हे वर्ष गेंड्याच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. चेकोस्लोव्हाकियातील द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयाचे संचालक योसेफ वाग्नर यांनी त्या वर्षी सुदानच्या शांबे भागातून सहा उत्तरी पांढरे गेंडे आणले. त्यांतल्या एका पिल्लाचे नाव सुदान. बंदिवासात या उपप्रजातीची वीण यशस्वी झाली ती फक्त द्वूर क्रालोवेतच. तिकडे प्राणी वाढवले जात होते आणि इकडे पेशी जपल्या जात होत्या. दोन खंडांतल्या या दोन संस्थांच्या कामाची वीण पुढे घट्ट होणार होती.

१९८० चे दशक : संग्रह कामाला लागतो

पहिल्या दशकात जमवलेल्या ज्ञानाचा उपयोग प्रथम जिवंत प्राण्यांच्या जोड्या जुळवताना झाला. डिक-डिक या चिमुकल्या आफ्रिकी हरणांच्या काही जोड्यांची संतती वांझ निघे. गुणसूत्रे तपासल्यावर कळले, की एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हरणांत गुणसूत्रांचे वेगवेगळे प्रकार आहेत.

कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांचा प्रसंग त्याहून आणीबाणीचा होता. १९८७ साली रानातला शेवटचा काँडोर पकडण्यात आला, तेव्हा जगात एकूण २७ पक्षी होते. नर-मादी दिसायला सारखेच असल्याने गुणसूत्रे पाहून लिंग ठरवणे आणि कोणाशी कोणाची जोडी लावावी हे सांगणे ही जबाबदारी प्रयोगशाळेवर आली. १९८८च्या एप्रिलमध्ये वाइल्ड ॲनिमल पार्कमध्ये ‘मोलोको’ हे बंदिवासातील जोडीचे पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले. आज या पक्ष्यांची संख्या काही शेकड्यांत आहे.

याच दशकात काही कुप्या शांतपणे टाकीत गेल्या. १९८० साली कुपोरोविच नावाच्या प्रझेवाल्स्की घोड्याच्या पेशी गोठवल्या गेल्या. त्याच वर्षी एका बांटेंग बैलाच्या पेशीही ठेवण्यात आल्या. १९८८ साली वायोमिंगमध्ये मेलेल्या विला नावाच्या काळ्या पायांच्या फेरेट मादीच्या पेशी संग्रहात आल्या. तेव्हाच्या नोंदवहीत या साध्या ओळी होत्या. त्यांचे मोल कळायला वीस ते चाळीस वर्षे जावी लागली.

गेंड्यांच्या बाबतीत १९८४ साली काँगोतील गरांबा राष्ट्रीय उद्यानात अवघे १५ उत्तरी गेंडे उरल्याचे दिसून आले. रानातला हा शेवटचा कळप. १९८९ साली द्वूर क्रालोवेहून साऊत हा नर आणि नोला व नादी या माद्या सॅन डिएगोला आल्या. नव्या हवेत, मोठ्या माळावर त्यांना पिल्ले होतील, अशी सर्वांना आशा होती.

१९९० चे दशक : आशा आणि प्रतीक्षा

१९९० साली खार्टुमहून अंगालिफू हा दांडगा नर दाखल झाला. माळ मोठा होता, वैरण भरपूर होती, माणसे जीव लावणारी होती. तरी पिल्लू झाले नाही. साऊत पुढे द्वूर क्रालोवेला परत गेला. बंदिवासात जन्मलेल्या दक्षिणी माद्यांतही वांझपण वाढत असल्याचे दिसत होते. या अपयशाचा दोष कुणा एकाचा नव्हता. गेंड्याच्या मादीचे शरीर कसे चालते याबद्दल जगालाच फार थोडे माहीत होते. वळणावळणाचे गर्भाशयमुख, शरीरात खोलवर असलेली बीजांडकोशे आणि सोळा महिन्यांचा गर्भकाळ. नैसर्गिक प्रजननावर भिस्त ठेवून चालणार नाही, हा धडा या दशकाने दिला.

कृत्रिम मार्गावरचा विश्वास मात्र वाढत होता. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये प्रौढ मेंढीच्या पेशीतून डॉली जन्मली आणि कातडीच्या कुप्यांकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. १९९९च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोत कृत्रिम रेतनातून ह्वा मेई ही पांडाची मादी जन्मली आणि जगली. प्रजननशास्त्र विभागाच्या उमेदीला या यशाने मोठे बळ मिळाले.

२००० चे दशक : पहिली पेरणी

फ्रोझन झूच्या पेशींतून घडलेला पहिला प्राणी कोणता? तो होता आपल्या राधानगरीच्या जंगलात कळपाने चरणारा गवा. संग्रहातील एका नर गव्याच्या पेशीपासून आयोवातील बेसी नावाच्या साध्या गायीच्या पोटी ८ जानेवारी २००१ रोजी वासरू जन्मले. त्याचे नाव नोआ. आमांशाच्या संसर्गाने ते दोन दिवसांतच गेले. दुःख झालेच, पण एका प्रजातीच्या पोटी दुसऱ्या प्रजातीचे, तेही गोठवलेल्या पेशीतून घडलेले पिल्लू वाढू शकते, हे सिद्ध झाले. २००३ साली १९८०च्या त्याच कुप्यांतून बांटेंग वासरू जन्मले. ते जगले आणि सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले.

याच दशकाने एक वेगळी जबाबदारीही टाकीत ठेवली. २००४च्या नोव्हेंबरमध्ये हवाई बेटांवरील पोओउली या पक्ष्याचा माहितीतला शेवटचा जीव माउई येथील संवर्धन केंद्रात मेला. त्याच्या पेशी फ्रोझन झूमध्ये आल्या. त्यानंतर पोओउली कुणाला दिसलेला नाही. ती कुपी उचलताना काम करणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, हे वेगळे सांगायला नको. असे नमुने वाढवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्यांत संग्रहाच्या प्रमुख मार्लिस हाउक यांचे नाव आदराने घेतले जाते. ऐंशीच्या दशकापासून त्या या कामात आहेत.

२००७च्या ऑक्टोबरमध्ये विच क्रीकचा वणवा पार्कच्या हद्दीपर्यंत आला. पार्क रिकामे करावे लागले आणि काँडोरसारखे दुर्मिळ प्राणी सुरक्षित जागी हलवले गेले. बियाणे एकाच घरात ठेवू नये, हे शहाणपण वणव्यांच्या कॅलिफोर्नियात जीव वाचवणारे ठरते. म्हणूनच पेशींचा संग्रह आज दोन वेगळ्या ठिकाणी विभागून ठेवलेला असतो.

याच वर्षी हैदराबादला भारताची संकटग्रस्त प्रजातींसाठीची प्रयोगशाळा ‘लाकोन्स’ सुरू झाली. बियाणे राखण्याचा विचार आता एका देशाचा राहिला नव्हता.

दशकाच्या अखेरीस गरांबातले उत्तरी गेंडे दिसेनासे झाले. २००९च्या डिसेंबरमध्ये द्वूर क्रालोवेने सुदान व सुनी हे नर आणि नाजिन व फातू या माद्या अशा चौघांना केनियातील ओल पेजेटा अभयारण्यात पाठवले. आफ्रिकेच्या मातीत, आफ्रिकेच्या गवतावर तरी त्यांची वीण होईल, ही त्यामागची आस होती.

२०१० चे दशक : निरोप आणि निर्धार

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली दाखवले होते, की कातडीची पेशी पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेता येते. मग ती शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते. डॉ. बेनिर्शके ज्या अज्ञात उपयोगासाठी कुप्या भरत होते, तो उपयोग हाच. ला होया येथील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या डॉ. जीन लोरिंग यांच्या गटाने डॉ. रायडर यांच्यासोबत फ्रोझन झूच्या पेशी हाती घेतल्या आणि २०११ साली ड्रिल माकड आणि फातू या गेंड्याच्या मादीच्या मूलपेशी तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. संकटग्रस्त प्राण्यांच्या अशा मूलपेशी जगात पहिल्यांदाच तयार झाल्या होत्या. मूलपेशीपासून बीजांड आणि शुक्राणू, त्यांपासून भ्रूण आणि भ्रूणापासून पिल्लू, असा लांबचा रस्ता प्रथमच डोळ्यांपुढे आला.

पण काळ थांबणार नव्हता. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये केनियात सुनी गेला. १४ डिसेंबरला सॅन डिएगोत अंगालिफू गेला. आता पार्कमध्ये एकटी नोला उरली.

नोलाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. तिचे पुढचे लांब शिंग वाकून खाली वळलेले होते, त्यामुळे दुरूनही ती ओळखू येई. पाठ खाजवून घ्यायला तिला फार आवडे. सांभाळणाऱ्या माणसांचा आवाज ओळखून ती शांतपणे उभी राहायची. तिला पाहायला येणाऱ्या मुलांना ही आपल्या जातीतल्या शेवटच्या काहींपैकी एक आहे, असे सांगितले, की ती गप्प होत. २०१५च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतून सहा दक्षिणी माद्या पार्कमध्ये आल्या: व्हिक्टोरिया, अमानी, हेलेन, लिव्हिया, निकिता आणि वॉलिस. उद्या उत्तरी गेंड्याचा गर्भ पोटी वाढवतील, अशा भावी आया म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. त्या आल्या त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, नोलाने ४१ व्या वर्षी निरोप घेतला. संसर्गाशी झुंज संपली, तेव्हा तिला सांभाळणारी माणसे जवळ होती.

दुःखात बसून राहायला कुणाला सवड नव्हती. सहा माद्यांना अल्ट्रासाउंड तपासणीची सवय लावायची होती. भूल नाही, दोरखंड नाही. सांभाळणाऱ्यांनी हाक मारायची, मादीने आपणहून कठड्यात यायचे, पुढे तिला वैरण द्यायची आणि मागे खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेल्या शास्त्रज्ञाने तपासणी करायची. बीजांड कधी वाढते, कधी सुटते, याच्या नोंदी आठवड्यामागून आठवडे होत राहिल्या. डॉ. बार्बरा ड्यूरंट यांच्या नेतृत्वाखालील प्रजननशास्त्र विभागाने ही माहिती दाणा दाणा वेचावा तशी गोळा केली.

दुसरीकडे डॉ. क्रिस्टोफर टब्स यांच्या संशोधनातून वांझपणाचे एक कारण हाती आले. सोयाबीन आणि लसूणघास मिसळलेल्या खाद्यात मादीच्या संप्रेरकांसारखे परिणाम करणारी वनस्पतिजन्य द्रव्ये असतात. गर्भावस्थेपासून त्यांचा परिणाम झालेल्या माद्यांत वांझपण येते. खाद्य बदलले, गवताचे प्रमाण वाढवले आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या माद्यांनाही पिल्ले होऊ लागली. वैरणीच्या पाटीत दडलेले उत्तर प्रयोगशाळेने शोधून काढले.

१९ मार्च २०१८ रोजी केनियात सुदान, शेवटचा नर, गेला. त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासाने धीर दिला. नऊ उत्तरी आणि चार दक्षिणी गेंड्यांचे जनुकसंच तुलनेसाठी वाचण्यात आले. गोठवलेल्या पेशींतल्या उत्तरी गेंड्यांची जनुकीय विविधता, जवळजवळ नामशेष होऊन पुन्हा सावरलेल्या दक्षिणी गेंड्यांपेक्षा कमी नव्हती. म्हणजे कुप्यांत आहे तेवढे बियाणे नवा कळप उभा करायला पुरू शकते. बर्लिनच्या लायब्निट्झ संस्थेचे डॉ. थॉमस हिल्डेब्रांट आणि क्रेमोनाचे डॉ. चेझारे गाली यांच्या गटाने याच वर्षी उत्तरी नराचे गोठवलेले शुक्राणू आणि दक्षिणी मादीची बीजांडे यांपासून भ्रूण तयार केले.

सप्टेंबर २०१८मध्ये डॉ. बेनिर्शके यांचे निधन झाले. त्यांनी लावलेल्या झाडाला पुढच्या वर्षी फळे धरली. २८ जुलै २०१९ रोजी व्हिक्टोरियाला गोठवलेल्या शुक्राणूंद्वारे केलेल्या कृत्रिम रेतनातून एडवर्ड हा नर झाला. उत्तर अमेरिकेत असे यश प्रथमच मिळाले होते. नोव्हेंबरमध्ये अमानीला मुलगी झाली. तिचे नाव ‘फ्यूचर’ ठेवले. दोघेही दक्षिणी गेंडेच, पण गोठवलेल्या रेतातून धडधाकट पिल्लू होते, हे आता कागदावर राहिले नाही.

२०२० पासून आजपर्यंत

या दशकात जुन्या कुप्या एकामागून एक बोलू लागल्या. ६ ऑगस्ट २०२० रोजी टेक्सासमध्ये कुपोरोविचच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या पेशीतून प्रझेवाल्स्की शिंगरू जन्मले. संस्थापकांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘कर्ट’ ठेवण्यात आले. २०२३ साली त्याच पेशींतून दुसरे शिंगरू झाले. तो ‘ऑली’, डॉ. रायडर यांच्या नावाचा. डिसेंबर २०२०मध्ये विलाच्या पेशींतून एलिझाबेथ ॲन ही फेरेट जन्मली आणि २०२४ साली विलाच्याच पेशींतून घडलेल्या अँटोनियाला पिल्ले झाली. एरवी हयात असलेली सारी काळ्या पायांची फेरेट मंडळी अवघ्या सात पूर्वजांची वंशज. त्यांत विलाच्या वंशाची मोलाची भर पडली. २०२१ साली काँडोरच्या दोन पिल्लांना पिताच नसल्याचे जनुकीय नोंदींतून उघड झाले. नर जवळ असतानाही माद्यांनी एकट्याने ती पिल्ले जन्माला घातली होती. अनेक वर्षांचे नमुने हाताशी होते, म्हणूनच हे कळू शकले. मातृसंस्थेने याच वर्षी ‘सॅन डिएगो झू वाइल्डलाइफ अलायन्स’ हे नवे नाव धारण केले.

गेंड्याच्या कामाला आता दोन वाटा आहेत. पहिली सॅन डिएगोची. २०२१पर्यंत नऊ उत्तरी गेंड्यांच्या मूलपेशी येथे तयार झाल्या आणि २०२५ साली अंगालिफूच्या पेशींतून उत्तरी गेंड्याचा उच्च दर्जाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. अंगालिफूला जिवंतपणी पिल्लू झाले नाही. त्याने मागे ठेवलेला हा नकाशा मात्र पुढच्या प्रत्येक पेशीची शहानिशा करायला लागणार आहे. दुसरी वाट युरोप, केनिया आणि जपानमधील सहकाऱ्यांच्या ‘बायोरेस्क्यू’ प्रकल्पाची. २०१९च्या ऑगस्टपासून उरलेल्या दोन माद्या, नाजिन आणि फातू, यांची बीजांडे काढून गोठवलेल्या शुक्राणूंनी त्यांचे फलन करण्यात येते. वयोमानाने नाजिनला २०२१ साली या कामातून विश्रांती दिली गेली. फातूच्या बीजांडांपासून ३०हून अधिक भ्रूण तयार होऊन गोठवलेले आहेत. २०२२ साली ओसाकाचे डॉ. कात्सुहिको हायाशी आणि सहकाऱ्यांनी नाबिरे या दिवंगत मादीच्या मूलपेशींपासून बीजांडाच्या पूर्वपेशी घडवल्या.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये ओल पेजेटात चाचणी म्हणून कुर्रा या दक्षिणी मादीच्या गर्भाशयात दक्षिणी गेंड्याच्या भ्रूणाचे रोपण झाले. अतिवृष्टीनंतर जमिनीतून आलेल्या जिवाणूंच्या संसर्गाने कुर्रा गेली. तपासणीत तिच्या पोटी ७० दिवसांचा, ६.४ सेंटिमीटरचा नर गर्भ सापडला. बोटभर लांबीचा तो गर्भ पाहून डोळे पाणावलेच, पण गेंड्यात भ्रूणरोपणाने गर्भ राहतो, याचा जगातला पहिला पुरावाही तोच होता.

सद्यस्थिती आणि पुढील वाटचाल

फ्रोझन झूमध्ये आज पेशींसोबत शुक्राणू, बीजांडे आणि भ्रूणही जपले जातात. इतर देशांतील संस्थांना असे संग्रह उभारायला मार्गदर्शन केले जाते. आपल्याकडे दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयाने हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने हिमालयातील प्राण्यांसाठी अशीच वाट धरली आहे.

पन्नास वर्षांच्या प्रवासात मतमतांतरे झाली नाहीत असे नाही. हा पैसा जंगलावर खर्चावा की टाकीवर, नाहीसा होत चाललेला एक प्राणी परत आणावा की आज तग धरून असलेले दहा वाचवावेत, असे प्रश्न बाहेरून आले तसे घरातूनही आले. ते विचारणाऱ्यांच्या मनातही प्राण्यांची तळमळच होती. चर्चा झाल्या, वाटा थोड्या बदलल्या, काम थांबले नाही. आणि एका गोष्टीवर सर्वांचे एकमत राहिले: टाकी जंगलाची जागा घेऊ शकत नाही. शिंगासाठी बंदूक चालत राहिली, तर शंभर पिल्ले जन्माला घालूनही उपयोग नाही. नवजात पिल्लाला गेंड्याची चाल आणि रानाची ओळख शिकवायला वडीलधारे गेंडेही हवेत. म्हणून नाजिन आणि फातू हयात असताना पिल्लू व्हावे, यासाठी ही सारी धडपड आहे.

या इतिहासात काही नावे आली, त्याहून कितीतरी अधिक आली नाहीत. पहाटे वैरण टाकणारे, भूल उतरेपर्यंत प्राण्याच्या उशाशी बसणारे पशुवैद्य, मेलेल्या लाडक्या जनावराचे जड मनाने शवविच्छेदन करून तुकडा तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवणारे, बाटल्यांचा पोषक द्रव बदलणारे, कुप्यांवर न चुकता क्रमांक लिहिणारे, देणग्या देणारे आणि स्वयंसेवक. हे श्रेय त्या सर्वांचे आहे.

टाकीतला नायट्रोजन हळूहळू उडत राहतो. तो पुन्हा भरावा लागतो. कुणीतरी झाकण उचलते, पांढरी वाफ काठावरून खाली उतरते, पातळी पाहून नोंद होते आणि झाकण परत बसते. आत नोला आहे, अंगालिफू आहे, पोओउली आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली कुपी ठेवली, त्यांना पाऊस कधी येईल हे माहीत नव्हते. आज पातळीची नोंद करणाऱ्यांनाही ते माहीत नाही. मडके मात्र त्यांनी भरलेले ठेवले आहे.